न गेलेल्या मारुतीचं परत येणं

मुंबई-अहमदाबाद हायवे आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे निघालेला रस्ता जिथे एकमेकांना छेद देतात, ते कडोदरा. आम्ही लहान होतो तेव्हा हे रस्ते आठ नंबर आणि सहा नंबर होते, आता 48 आणि 53 झाले. चार रस्त्याच्या आसपास तातीथैया, जोळवा, वरेली, चलथाण ही गावं आणि त्यांच्यामधल्या जमिनींवर डाइंगच्या मिली, लूमची खाती. शिंदखेडा, अमळनेर, नंदुरबारकडची माणसं आधी सुरतेत उधना-लिंबायतला उतरली. तिथं भाडं परवडेना, तेव्हा त्यांतली काही बाहेर सरकत सरकत इथवर आली. आमचे आजोबा त्यांतलेच. एका ओळीत तीन खोल्या, पुढं सामाईक ओटा, आणि त्या तीन खोल्यांत मिळून दोन भावांचे संसार.

आम्ही पोरं सगळी तिथंच वाढलो. घरात अहिराणी, गल्लीत आणि शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी. मराठी म्हणाल तर लग्नपत्रिकेवर आणि आजोबांच्या पोथीत. एवढ्या भाषांच्या गर्दीत देव मात्र एकच पक्का होता. गावी वेशीवर शेंदूर फासलेला मारोती आणि इथं कडोदऱ्यात अकळामुखी हनुमान. आजीच्या लेखी हे दोन नव्हतेच, गावचाच मारोती बदली होऊन इकडं आलेला. शनिवारी तेलाची वाटी घेऊन निघाली की ती त्याला गावाकडच्या बातम्या सांगायची. पाऊस पडला का, कोणाचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरदेव आधी मारोतीच्या पाया पडतो आणि मग मांडवाकडे वळतो. तेव्हा लग्नाच्या बातम्या त्याला सांगायलाच हव्यात, असं तिचं म्हणणं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की 2005च्या दिवाळीआधी ‘हनुमान’ नावाचा कार्टून पिक्चर लागला तेव्हा आमच्या घरात तो कार्टून म्हणून आलाच नाही. 21 ऑक्टोबरला तो लागला, लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. पर्सेप्ट आणि सिल्व्हरटून्स यांचा हा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. जी. सामंत. पोस्टरवर ‘सामंत’ वाचून काका म्हणाले, “बघ, आपल्याकडचं आडनाव.” खानदेशातल्या माणसाला कोकणातलं आडनाव एरवी आपलं वाटत नाही, पण राज्याची हद्द ओलांडून इकडं आलं की महाराष्ट्र फार जवळजवळ येतो.

बोनस झाला होता, मिलींना सुट्ट्या लागणार होत्या आणि गावी जायची तिकिटं काढायची होती. त्या गडबडीतसुद्धा सगळं घर सुरतेत जाऊन पिक्चर बघून आलं. आजी थिएटरात पहिल्यांदाच गेली. चपला बाहेर काढायच्या का, हे तिनं दारावरच्या माणसाला विचारलं. आत अंधार झाला, मुकेश खन्नांचा आवाज सुरू झाला. टीव्हीवरचे भीष्म आणि शक्तिमान बोलताहेत म्हटल्यावर मोठ्यांना आणि पोरांना एकदमच भरवसा आला. मग अंजनी आणि केसरी आले, तो गोबरा पोरगा आला, आणि आजीच्या तोंडाला सुरुवात झाली. “आते दखा, आते तो सूर्याले गिळस.” तिनं म्हणायचं आणि पडद्यावर ते व्हायचं. पुढच्या रांगेतल्या बाईनं एकदा वळून पाहिलं. आजीला वाटलं, तिलाही ऐकायचंय. तिनं आवाज वाढवला.

त्या पिक्चरचं आमच्यावर जे गारूड झालं त्यात चित्रांचा वाटा किती आणि आजीचा किती, हे आज वेगळं करता येत नाही. चित्रं साधी होती, हातानं काढलेली. काही ठिकाणी हालचाल अडखळायची. तोवर टीव्हीवर आम्ही डिस्नेचं पाहिलेलं होतं, मोठ्या बहिणीला रविवार सकाळचा मोगली आठवत होता, युगो साको आणि राम मोहन यांचं जपानी धाटणीचं ‘रामायण’ही कार्टून नेटवर्कवर पाहून झालं होतं. त्या मानानं ‘हनुमान’ची कारागिरी बेताचीच म्हणायची. पण पहिला अर्धा भाग सगळा छोट्या मारुतीच्या खोड्यांचा, आणि खोड्या करणारा पोरगा देव आहे म्हटल्यावर आम्हांला मोठाच आधार मिळाला. ऋषींनी त्याला शाप दिला, शक्ती विसरशील म्हणून, तेव्हा माझा धाकटा भाऊ थिएटरात मोठ्यानं रडला होता. जांबवंत त्याला आठवण करून देतो तेव्हा तोच भाऊ खुर्चीवर उभा राहिला.

पुढं चार रस्त्याच्या हातगाडीवरून त्याची व्हीसीडी आली. दोन डिस्कचा संच, वर झेरॉक्ससारखं पुसट चित्र. ती कुठून छापून येते हे तेव्हा कोणी विचारत नव्हतं. प्लेअर चायना, टीव्ही 21 इंची. आमच्या घरात तेव्हा बायका साड्यांवर खडे चिकटवायचं काम आणायच्या. मार्केटहून गठ्ठा येई, साडी मांडीवर पसरायची, गोंदाचा ठिपका, त्यावर चिमट्यानं खडा, मग पुढचा ठिपका. एका साडीला नक्षीप्रमाणे शेकड्यांनी खडे. दुपारी शाळेतून आलो की आम्हीही बसायचो. पिक्चर लावायचा तो या कामाला जोड म्हणून. काकूंची अट एकच होती: नजर टीव्हीवर गेली तरी हात थांबता कामा नये. ‘हनुमान’ला ही अट जमायची. कारण पडद्यावर काय चाललंय हे न बघताही कळायचं. मान खाली घालून खडे लावत असतानाच आम्हांला माहीत असायचं, की आता वज्र बसणार, आता वारा थांबणार.

दुसऱ्या डिस्कवर अशोकवनाच्या जरा आधी ओरखडा पडला. चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज घुसमटायचा आणि मारुती झाडावरच अडकायचा. टूथपेस्ट लावून पुसली, फडक्यानं घासली, काही झालं नाही. मग आजीच तो भाग भरून काढायला लागली. सीतामाईला अंगठी कशी दिली, माईनं आधी विश्वास कसा ठेवला नाही, राक्षसिणी कशा झोपलेल्या होत्या. तिची गोष्ट मूळ पिक्चरपेक्षा लांब असायची. कधी कधी पुढं जाऊन चित्र सुरू झालेलं असायचं, लंका पेटलेली असायची, आणि आजी अजून अंगठीवरच असायची. आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. पुढं काकांनी डिस्क बदलून आणतो म्हटलं तेव्हा सगळ्या पोरांनी एका सुरात नको म्हटलं.

2006च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेलं पाणी सुरतेत शिरलं. रांदेर, अडाजण, वेड रोड, कतारगाम, अर्ध्याहून अधिक शहर पाण्याखाली. वेड रोडला राहणारे आमचे दुसरे काका पाणी ओसरल्यावर कुटुंबासह कडोदऱ्याला आले. पोरांच्या अंगावर आमचेच कपडे, आणि त्यांचा टीव्ही, प्लेअर, सीड्यांचा डबा सगळा चिखलात गेलेला. आमच्याकडे वीज होती नव्हती अशीच. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात ‘हनुमान’ तोंडी झाला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि जिथं अडेल तिथं आजी. कोणी सुग्रीव, कोणी रावण, आणि सगळ्यांत धाकटी चुलत बहीण संजीवनीचा डोंगर. तिला उचलून ओट्याला एक फेरी मारायची. त्या रात्रीचा प्रयोग मूळ दीड तासाच्या पिक्चरहून कितीतरी लांबला.

म्हणून ‘रिटर्न ऑफ हनुमान’ येतोय हे कळल्यावर आम्हांला जो आनंद झाला तो फक्त पोरांचा नव्हता. आजीनंही विचारलं, आता काय दाखवणार? आमच्यात वाद लागला. अहिरावण-महिरावण, असं एकाचं मत. मोठा भाऊ म्हणाला, महाभारतात अर्जुनाच्या रथावर बसलेला मारुती. आजीनं तिसरंच सांगितलं: भीमाला शेपटी उचलता येत नाही ती गोष्ट. तिघांकडेही गोष्ट होती आणि तिन्ही खऱ्या होत्या.

पिक्चर लागला 28 डिसेंबर 2007ला. दिग्दर्शक बदलले होते. पर्सेप्ट कंपनी तीच, संगीतकार तापस रेलिया तेच, जोडीला टून्झ ही ॲनिमेशन कंपनी. दिग्दर्शन अनुराग कश्यप यांचं. ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘नो स्मोकिंग’ त्याच वर्षी लागलेले. आमच्या घरात तेव्हा हे नाव कोणाला ठाऊक नव्हतं. पुढं ‘गँग्स ऑफ वासेपूर’ बघून आलेल्या आमच्या भावाला सांगितलं की मारुतीचा दुसरा पिक्चर याच माणसाचा, तर त्यानं पैज लावली आणि हरला. आदल्या शुक्रवारीच ‘तारे जमीन पर’ आणि ‘वेलकम’ लागले होते, त्यामुळे शहरातल्या पडद्यांवर गर्दी. पंधरवड्याचा पगार व्हायचा होता. थिएटर राहूनच गेलं आणि सीडी आली ती उत्तरायणाच्या सुमाराला.

उत्तरायणात सुरतेकडे घरात कोणी बसत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. 14 आणि 15 जानेवारी, दोन्ही दिवस गच्चीवर. फिरकी, मांजा, बोटांना चिकटपट्ट्या, शेजारच्या गच्चीवरून आरोळ्या, खाली उंधियूचा वास. तरीही 14च्या दुपारी वारा पडला तेव्हा आम्ही सगळे खाली आलो, आजीला मधोमध बसवलं आणि डिस्क लावली.

पहिली पाच-दहा मिनिटं बरी गेली. स्वर्ग होता, देव होते. मग कळलं की मारुतीला स्वर्गात करमत नाही आणि त्याला पृथ्वीवर जायचंय. त्यासाठी ब्रह्मदेव त्याच्याशी करार करतात, कागदावरचा. मोठी माणसं हसली. आजी हसली नाही. मारुती पृथ्वीवर जन्म घेतो, बजरंगपूर नावाच्या गावात, नाव मारुती. शाळेत जातो. त्याचा मिंकू नावाचा मित्र आहे. आजीनं आमच्याकडे पाहिलं. “तो मरनाच नही, ते जलम कसा लिन्हा?”

जो मेलाच नाही त्यानं जन्म घेतला कसा? सात चिरंजीवांची नावं आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ होती: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. यांतला कोणी मरत नाही. जिथं रामकथा चालते तिथं मारुती येऊन बसतो अशी श्रद्धा, म्हणून कथेकऱ्याच्या समोर त्याच्यासाठी पाट मांडतात. जो इथंच आहे त्याला ‘परत’ आणायचं म्हणजे काय? आम्ही उत्तर दिलं, आजी, पिक्चर आहे. पण ते उत्तर आम्हांलाही पटलं नाही. पहिल्या वेळी आम्ही ‘पिक्चर आहे’ म्हटलंच नव्हतं.

मग राहू-केतू निघाले, राक्षस निघाले, मारामारी वाढली. एकानं विचारलं, आजी, आता काय होणार? तिला कुठलं माहीत असणार! ती म्हणाली, “मले काय ठाव, तुम्हीच सांगा.” तेवढ्यात वर गच्चीवर वारा सुटला, पतंगांचे आवाज आले. एक उठला, मग दुसरा. मी बराच वेळ बसून राहिलो, आजीबरोबर. ती थोड्या वेळानं खड्यांचा गठ्ठा ओढून बसली. काकूंना नवल वाटलं, सणाच्या दिवशी काम कशाला. काम करता करता आजीच्या साडीवरचे खडे वाकडे गेले, कारण पडद्याकडे बघितल्याशिवाय त्या पिक्चरमध्ये काय चाललंय ते कळतच नव्हतं.

दुसरा पिक्चर आमच्या घरात का पडला, याचं कारण मला या खड्यांपाशी सापडतं. पहिल्यात घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस सगळ्यांच्या पुढं होतं. तिला पुढची गोष्ट माहीत होती आणि पोरांना तिच्या मागून जायचं होतं. दुसऱ्यानं तिला आमच्या रांगेत आणून बसवलं. तिथं तिचं काही चालेना आणि आम्हांलाही तिच्याविना करमेना. ओरखडा या डिस्कवरही पडला, पण तो भरून काढायला कोणी नव्हतं. कोणी तसा प्रयत्नही केला नाही.

पोरांची तक्रार वेगळी होती आणि ती अगदी सरळ होती. धाकटा म्हणाला, याला पण शाळा? पहिल्यातला मारुती सूर्याकडे झेप घेत होता, आणि आम्हांला हवा होता तो झेप घेणारा. दप्तर, बाक, मास्तर, दांडगाई करणारी पोरं, हे तर आमच्याकडे सोमवार ते शनिवार होतंच. तेच बघायला टीव्हीसमोर कशाला बसायचं?

बाहेरच्यांचं उदाहरण द्यायचं तर डिस्नेनं ‘अलादीन’चा दुसरा भाग 1994 साली काढला आणि ‘लायन किंग’चा 1998 साली. दोन्ही थेट व्हिडिओ कॅसेटवर आले. ‘अलादीन’च्या दुसऱ्या भागात तर जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजही नव्हता. तिथल्या पोरांनीही नाकं मुरडली असतील. पण सिम्बा कंपनीचा आहे, त्याचं पुढं काय करायचं ते कंपनीनं ठरवावं. मारुतीचं तसं नाही. त्याचा मालक प्रत्येक गावच्या पारावर बसलेला आहे आणि त्या प्रत्येकाला पुढची गोष्ट ठाऊक आहे.

कश्यप यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्या काळात आपल्याकडचं ॲनिमेशन पुराणातल्या गोष्टी एकामागून एक चितारण्यात मग्न होतं. ‘बाल गणेश’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला, पुढच्या वर्षी ‘घटोत्कच’. त्या रांगेत या एकानं देवाला घेऊन नवी गोष्ट रचायचं धाडस केलं, स्वर्गातल्या कारभाराची टिंगल केली, आणि लहान पोरांच्या पिक्चरमध्ये मोठ्यांसाठीही विनोद पेरले. पुन्हा पाहिला तर करारनाम्याचा प्रसंग आजही हसवतो. पोटापाण्यासाठी कुठल्या ना कुठल्या कागदावर सह्या करून इथवर आलेल्या आमच्यासारख्यांना तर जास्तच. गावातल्या पोरानं राक्षस मारायचे ही कल्पनाही वाया गेली नाही. ‘छोटा भीम’ 2008मध्ये पोगोवर सुरू झाला, आणि ढोलकपूर हे गाव आमच्या धाकट्या भावंडांना कडोदऱ्याइतकं पाठ झालं. बजरंगपूर मात्र कोणाला आठवत नाही. भीमाच्या हातात लाडू होता, पण त्यानं कधी महाभारतातला भीम असल्याचा दावा केला नाही. म्हणून आजी त्याच्या वाटेला गेली नाही. शेजारी बसून खडे लावत राहायची आणि मधेच विचारायची, हा पोरगा कोणाचा?

तुलनेत दुसरा पिक्चर वाईट काढलेला आहे असं मी म्हणणार नाही. रेषा कदाचित पहिल्यापेक्षा सफाईदारच असतील. पण घराघरांत जो मान पहिल्याला मिळाला तो दुसऱ्याला नाही, हे मी फक्त आमच्या तीन खोल्यांवरून सांगत नाही. पांडेसरा, डिंडोली, नवागाम, लिंबायत, जिथं जिथं आमची आतेमामे भावंडं पसरलीत तिथं विचारून पाहिलं. पहिल्याची गोष्ट सगळे सांगतात. दुसऱ्याचं ‘शाळेत जातो तो ना?’ एवढंच.

आजी आता नाही. तीन खोल्यांच्या जागी चार मजले झालेत आणि खाली दुकानं. साड्यांवर खडे लावायचं कामही घरात येत नाही. साको आणि राम मोहन यांचं ते जुनं ‘रामायण’ 24 जानेवारी 2025ला आपल्याकडे नव्यानं थिएटरात लागलं, तेव्हा आम्ही भावंडं आपापली पोरं घेऊन गेलो. काकू बरोबर होत्या. त्यांचं वय आता आजीच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलंय. मारुती समुद्रापाशी आला आणि काकूंनी अंधारात सुरुवात केली, “आते दखा...” मागच्या रांगेतून कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं. त्या थांबल्या नाहीत.

तुमच्या घरात अशी गोष्ट माहीत असलेलं एखादं माणूस अजून असेल, तर ‘हनुमान’चा 2005चा भाग शोधून एकदा त्यांच्याबरोबर लावा. मोबाइलवर पोरांच्या हातात देऊ नका, भिंतीवरच्या टीव्हीवर लावा, आणि त्यांना मधोमध बसवा. आवाज बारीक ठेवा. दुसरा भाग पोरांना एकट्यानं बघू द्या. तो त्यांच्याचसाठी काढलेला आहे.